बैठक जागेची की विषयाची?

स्वस्थ खोली मिळाली म्हणजे लिहू, असे म्हणता म्हणता आमची बरीच वर्षे गेली. वही कोरीच राहिली. आपल्याच जिल्ह्यातील जांब गावी १६०८ साली जन्मलेल्या समर्थांनी घर सोडून देश पायी पालथा घातला. त्यांचा ‘दासबोध’ शिवथरच्या घळीत लिहिला गेला, असे परंपरा सांगते. लोकमान्यांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहिले. तुरुंग त्यांनी मागून घेतला नव्हता. पण विषय वर्षानुवर्षे मनात घोळत होता, म्हणूनच तो तेथेही कागदावर उतरला. बैठक लागते ती विषयाची, जागेची नव्हे. आज घरी गेल्यावर आपण ओसरीवरच्या गलक्यातच बसून चार ओळी लिहू या, उद्याही तेवढ्याच.