रुपयात किती आणे फरक?

(कर्जत येथे महिला मंडळांच्या बैठकीत केलेली मांडणी)



दवाखान्यात बाईचं कुणी नीट ऐकून घेत नाही, म्हणून आपण गटांमध्ये मालीश, योगासनं, काढे सुरू केले. बायकांना बरं वाटतं. पण गुण कशानं आला, हे आपण कधी मोजलं का?

माझीच चूक सांगते. ऊसतोडीहून परतलेल्या बायकांच्या कंबरदुखीसाठी आम्ही वैशाखात मालीश आणि आसनं सुरू केली. दीड महिन्यानं विचारलं, "रुपयात किती आणे दुखणं उरलं?" बहुतेकींचं निम्म्यावर आलेलं. मी खुशीत अहवाल लिहायला बसले. तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "ताई, मोळ्या उचलणं थांबलं की दुखणं दरसाल उतरतंच." मी गप्पच झाले. यश मालीशचं, की विश्रांतीचं? सांगता येईना.

यावर उपाय आहे. चिठ्ठ्या टाकायच्या. निम्म्या बायकांना लगेच सुरुवात, उरलेल्यांना सहा आठवड्यांनी. दुसऱ्या गटाची सुरुवात होण्याआधी दोघींना तेच विचारायचं: दुखणं किती आणे, झोप लागते का, भरलेला हंडा उचलवतो का? विचारणारी मात्र मालीश करणारी नको. तिच्या तोंडावर 'फरक नाही' कोण म्हणेल?

तरीही निव्वळ 'बरं वाटतं' पुरत नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची पाहणी केली. १९८९ साली ती 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. तक्रार होती १०० पैकी ५५ जणींची; तपासल्यावर आजार निघाला ९२ जणींना. आधी तपासणी आणि उपचार झालेल्या होत्या फक्त ८. मोजलं, म्हणून बायकांचं मुकं दुखणं जगासमोर आलं.

म्हणून काढ्यानं तरतरी आली तरी रक्त तपासायचंच. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल, तर तो पंडुरोग आहे. आणि पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जाऊ लागलं, तर आणे मोजत बसायचं नाही. त्याच दिवशी तिच्यासोबत दवाखान्यात जायचं, आणि तपासणी झाल्याशिवाय परतायचं नाही.

यंदा टोळ्या परतल्या की प्रत्येक गटानं वही घालावी. आकडा उणा आला तरी तो खोडायचा नाही. आपल्या बायकांचा वेळ आणि पैसा कशावर खर्च करायचा, हे त्या वहीवरूनच ठरवू.