बोटांवरचें गणित

बीड जिल्ह्यांतील धारूर तालुक्यांतून दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचीं कुटुंबें कारखान्यांकडे निघतात. कोयत्यावर घेतलेली उचल किती, गाडी भरली किती टन, फिटलें किती, उरलें किती, हा हिशेब शाळेची पायरी न चढलेली बाईहि मुखोद्गत ठेवते. अंकज्ञान तिच्यापाशीं आहे. तें तिच्या स्वतःच्या मुखापर्यंत मात्र पोंचलेलें नाहीं.

तंबाखू भाजून केलेली मिश्री दांतांना लावण्याची चाल महाराष्ट्रांत जुनी आहे. तिनें दांतदुखी दबते असा समज. पण त्याच तंबाखूनें हिरड्या खचतात व कर्करोगहि जडतो. २०१६ पासून तंबाखूच्या वेष्टणाचा ८५ टक्के भाग सचित्र इशाऱ्यानें व्यापलेला असतो. परंतु घरीं भाजलेल्या मिश्रीच्या डबीवर इशारा कोण छापणार?

२०११ च्या जनगणनेंत बीड जिल्ह्याची साक्षरता सुमारें ७७ टक्के भरली. पण नुसती सही करतां आल्यानें मुखाचें रक्षण होत नाहीं. प्रौढांच्या वर्गांत पाटीवर आणखी तीन धडे यावेत. तोंडांतील व्रण दोन आठवडे उलटूनहि भरला नाहीं, तर तो वैद्यास दाखवावा. आपलीं तीन बोटें उभीं तोंडांत मावत नसतील, तर तपासणी करावी. औषध किती वेळां व किती दिवस घ्यावयाचें, तें चिठ्ठीवरून स्वतः वाचावें.

अंबाजोगाईचें शासकीय रुग्णालय धारूरहून दूर नाहीं. दूर असतो तो उसाचा फड. तेथें दुखण्याचे दिवस मोजणारें दुसरें कोणी नसतें. उचलीचा हिशेब ठेवणाऱ्या बोटांनींच व्रणाचेहि दिवस मोजले, तर ती साक्षरता सार्थकीं लागली.