उन्हाळ्यांतील लोकरकाम

होळी झाली कीं घरोघरीं लोकरीचे कपडे पेटींत जातात, आणि त्यांच्यामागोमाग विणकामाच्या सुयाही. वस्तुतः स्वेटर हातीं घेण्याचा खरा काळ तोच होय. पुण्याकडील कडक थंडी दोनअडीच महिन्यांची. ती पडल्यावर घातलेले टांके ती सरतां सरतां पुरे होतात, आणि मूल तोंवर कुडकुडत राहतें.

मात्र काम निवडतांना ऋतूचा विचार हवा. मोठ्या माणसाचा स्वेटर विणतांना लोकरीचा सारा भार मांडीवर पडून उकडतें. त्यापेक्षां लहान मुलाचा घ्यावा. त्यांतही पाठ, पुढचा भाग व बाह्या निरनिराळ्या विणून शेवटीं जोडावयाचा, हा अधिक सोयीचा. घामट हातांनीं पांढरी लोकर मळते, म्हणून रंग गडद असावा. माप आजचें नसावें. मूल पौषापर्यंत वाढणारच, तेव्हां छातींत व लांबींत दोन दोन इंच अधिक धरावे. रोजचें विणून झालें कीं काम स्वच्छ फडक्यांत गुंडाळून ठेवावें; घामानें मळलेल्या लोकरीस कसर लौकर लागते. ज्यांना उन्हाळ्यांत लोकरीचा स्पर्शच सोसवत नाहीं, त्यांनीं सुती धाग्याचें बिनबाह्यांचें जाकीट विणावें. तें पावसाळी गारव्यांत उपयोगीं पडतें.

चैत्रांत आरंभ झाला तर पहिल्या गारठ्याच्या सकाळीं मुलाच्या अंगावर घालावयास स्वेटर तयार असतो.