यंत्र म्हणते ठीक, रुग्ण म्हणतो दुखते
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा सारांश)



आजची यंत्रे जीव वाचवतात, याबद्दल वाद नाही. पण यंत्राचा आकडा आणि रुग्णाचे शब्द जुळले नाहीत, तर कोणाचे ऐकायचे? यासाठी एक घडलेली हकीकत सांगतो.

‘थेरॅक-२५’ हे कॅनडात बनलेले, कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र. मार्च १९८६ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधील टायलर गावी एका रुग्णाच्या पाठीवर त्याने उपचार चालू होते. यंत्र चालवणाऱ्या बाईंकडून एक अक्षर चुकले. त्यांनी ते झटपट दुरुस्त केले आणि किरण सुरू केले. पडद्यावर ‘बिघाड ५४’ अशी सूचना आली. २०२ एककांऐवजी फक्त ६ दिल्याचे दिसले. अशा सूचना नेहमीच्याच, म्हणून त्यांनी पुढे चालू ठेवण्याची कळ दाबली. आत तो माणूस विजेचा झटका बसावा तसा कळवळला होता. तो उठू लागला, तोच दुसरा झटका बसला. आतले ऐकण्याची आणि पाहण्याची सोय नेमकी त्या दिवशी बंद होती. त्याने दार बडवले, तेव्हा बाहेर कळले. ठरलेल्या मात्रेच्या सुमारे शंभरपट किरण त्याच्या अंगात गेले होते. पाच महिन्यांनी तो वारला.

कंपनीने सांगितले, जास्त मात्रा जाणे अशक्य. दुसरीकडून तशी तक्रारही नाही. वास्तविक १९८५ मध्येच इतरत्र अपघात झाले होते. तीन आठवड्यांनी त्याच रुग्णालयात दुसरा रुग्ण होरपळला. तेव्हा तिथले भौतिकशास्त्रज्ञ आणि त्याच बाई यंत्रापुढे ठाण मांडून बसले आणि तो बिघाड पुन्हा घडवून त्यांनी दोष पकडला. जुन्या यंत्रांतले सुरक्षेचे अडसर काढून सगळा भार संगणकाच्या आज्ञावलीवर टाकला होता. १९८५ ते १९८७ मध्ये असे सहा अपघात झाले.

मंडळी, चूक माणसाची होते, तशी यंत्राचीही होते. पण रुग्णाची तक्रार खोटी ठरवणे आणि आधीचे अपघात दडवणे, हा नीतीचा प्रश्न आहे. आता एक्स-रेसुद्धा संगणक वाचू लागला आहे. तरी ‘संगणकाने सांगितले’ म्हणून डॉक्टरांची जबाबदारी संपत नाही.

आपणही काही करू शकतो. तपासणीपूर्वी ती कशासाठी, हे विचारावे. त्रास झाला तर संकोच न करता त्याच क्षणी सांगावे. उपकरणामुळे इजा झाल्यास ती कळवण्यासाठी २०१५ पासून आपल्या देशात ‘मटेरिओव्हिजिलन्स’ कार्यक्रम आहे. त्याचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबादला आहे. आपली एक नोंद दुसऱ्या गावच्या रुग्णाला वाचवू शकते.

१७ सप्टेंबर हा जागतिक रुग्ण सुरक्षा दिन, गणपतीच्या दिवसांच्या आसपासच येतो. आपल्या बाप्पाचे कान सुपाएवढे आहेत. रुग्णाजवळ उभ्या असलेल्या प्रत्येकाला त्यांतले थोडे लाभोत, एवढेच मागणे.

गणपती बाप्पा मोरया!