जालन्याचा चौक संगणकात

जालन्याच्या मामा चौकासारख्या ठिकाणी सिग्नलची वेळ बदलून पाहायची, तर खऱ्या माणसांना ताटकळत ठेवायची गरज नाही. जर्मनीच्या डीएलआर या संस्थेची ‘सुमो’ ही वाहतुकीची नक्कल करणारी संगणकप्रणाली २००१ पासून सर्वांना खुली आहे, तीही फुकट. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरून शहराचे रस्ते घ्यायचे आणि त्यांवर गाड्या सोडायच्या.

यात प्रत्येक गाडी स्वतंत्र चालते. गंमत म्हणजे चालकाच्या गलथानपणालाही आकडा आहे! शून्य म्हणजे अचूक, एक म्हणजे पुरता बेभरवशाचा. प्रणाली मुळात ०.५ धरते. आपल्याकडे तो वाढवावा लागेल, हे सांगायला तज्ज्ञ नको. लेनमधल्या फटीतून घुसणाऱ्या दुचाकींसाठीही सोय आहे: लेनचेच उभे पट्टे पाडता येतात.

साधन सामायिक असल्याने एकाचा प्रयोग दुसऱ्याला पडताळता येतो.

आकाशाचंही तसंच. ‘आर्डूपायलट’ या खुल्या प्रणालीत ड्रोन आधी संगणकातच उडवून पाहता येतो. प्रत्यक्ष उड्डाणाला मात्र २०२१ चे ड्रोन नियम लागू होतात: ड्रोनच्या हवाई नकाशातल्या हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, लाल क्षेत्रात केंद्र सरकारची लागते.