बाळांचं मरण आणि आपली जमीन
(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या शिबिरात बोलणं होतं ते सातबाराचं, प्लॉटचं, पंचनाम्याचं. आज बाळांच्या मरणावर बोलायचंय. कुणी म्हणेल, हे दवाखान्याचं काम, संघटनेचा काय संबंध? संबंध आहे. तोच सांगायचाय.

आधी आकडे. कंटाळा करू नका, सरकारशी भांडायला तेच लागतात. २००० सालच्या सुमारास जगात दरवर्षी पाच वर्षांच्या आतली एक कोटीच्या आसपास मुलं मरत होती. जवळजवळ सगळी गरीब देशांतली. आपल्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. १९९२-९३ च्या पाहणीत जन्मलेल्या दर हजार मुलांमागे १०९ मुलं पाच वर्षांची व्हायच्या आत गेलेली दिसली. १९९८-९९ च्या पाहणीत हा आकडा ९५ वर आला. म्हणजे मरण कमी होतंय. पण कुणाचं? त्याच दुसऱ्या पाहणीत आदिवासींमध्ये हजारी १२७ मुलं गेली. आदिवासी, दलित, ओबीसी सोडून जे बाकीचे, त्यांच्यात ८३. देश पुढं गेला म्हणतात, आपलं बाळ मागंच राहिलं.

ही मुलं कशानं मरतात? कागदावर लिहिलेलं असतं न्यूमोनिया, जुलाब, गोवर, मलेरिया. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. तोच न्यूमोनिया शहरातल्या खात्यापित्या घरच्या मुलालाही होतो, ते बहुतेक वेळा बरं होतं. १९९५ साली एक मोठा अभ्यास निघाला. विकसनशील देशांतल्या बालमृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त मरणांमागं कुपोषणाचा हात आहे, असं त्यात दिसलं. आणि यातली बहुतेक मुलं हाडाचा सापळा झालेली नव्हती. थोडी कमी वजनाची, खेळती-फिरती होती. १९९२-९३ साली आपल्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीची मुलं मेली, तेव्हा पेपरात फोटो आले, मंत्री आले. थोड्या कमी वजनाच्या मुलाचा फोटो कुणी काढत नाही. पण मरणारी जास्त तीच असतात.

हे कसं होतं? बाळाला जुलाब लागतात, ते खात नाही, वजन घटतं. घटलेलं वजन भरून यायच्या आत खोकला-ताप येतो. प्रत्येक आजार पुढच्याला वाट करून देतो. पावसाळ्यात तर सगळंच एकदम येतं. कणगी रिकामी, पाणी गढूळ, रस्ता बंद, आणि आई दिवसभर लावणीला. पोटुशी बाई अर्धपोटी राबते, म्हणून बाळ जन्मतःच हलकं. पहिल्या वर्षात जी बाळं जातात, त्यातली तीनांत दोन पहिल्याच महिन्यात जातात.

आता जमीन बघा. प्लॉटवर नागली-वरई पिकली तर घर पावसाळ्यापर्यंत टिकतं. फॉरेस्टवाल्यांनी उभं पीक मोडलं की दिवाळीनंतर सगळं घर वीटभट्टीवर. तिथं अंगणवाडी नाही, लस नाही. म्हणून म्हणतो, पिकाचा पंचनामा होतो तेव्हा त्या घरातलं बाळही मोजा.

केरळात १९७० पासून जमीन सुधारणेचा कायदा जोरात राबवला. कुळांना जमीन मिळाली, झोपडीखालची जागा मजुराच्या नावावर झाली. त्याला जोड मिळाली पोरींच्या शाळेची, दवाखान्याची, रेशनची. दुसऱ्या पाहणीत देशात वर्षाच्या आतली हजारी ६८ बाळं गेली, केरळात १६. पण तिथल्या आदिवासींची गेलेली जमीन परत मिळाली नाही. त्यांना आजही त्यासाठी लढावं लागतंय.

साहेब लोक म्हणतात, आई अडाणी आहे, भगताकडं जाते. अहो, भगत पाड्यातच आहे, नर्स नाही! मात्र पहिला चीक पिळून टाकणं, जुलाबात पाणी तोडणं, हे आपणच थांबवायचं. ते साहेबांच्या हातात नाही.

आणि सगळं डॉक्टरवाचून अडत नाही. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गावातल्याच माणसांना न्यूमोनिया ओळखायला आणि गोळ्या-औषध द्यायला शिकवलं. न्यूमोनियाचे बालमृत्यू निम्म्याहून खाली आले. मग गावातल्या बायांनी घरोघर जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली. त्या गावांत हे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले.

तर कामं तीन.

एक, श्वास मोजायला शिका. खोकला असलेल्या बाळाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा, बाळ शांत असताना. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ६०, वर्षाच्या आतल्याचा ५०, पाच वर्षांच्या आतल्याचा ४० किंवा जास्त भरला, तर थांबायचं नाही. त्याच दिवशी औषध.

दोन, खावटी जूनच्या आत मिळाली पाहिजे आणि नर्सबाई पावसाळ्यातही पाड्यावर आली पाहिजे. या मागण्या पुढच्या मोर्चात प्लॉटच्या मागणीबरोबरच जातील.

तीन, वही. प्रत्येक पाड्यात जन्मलेलं आणि गेलेलं प्रत्येक बाळ लिहायचं. तारीख, वय, आजार, घरात धान्य होतं का, आईबाप कामाला कुठं गेले होते. रडून मग गेलेलं बाळ ‘उपजत मेलं’ म्हणून लिहिलं, की सरकारच्या हिशोबात ते जन्मलंच नाही. दंडाच्या पावत्या जपून ठेवल्या, म्हणून आपल्या प्लॉटचा दावा उभा राहिला. पावती नाही तर कब्जा नाही, असं ते म्हणायचे. उद्या हेच म्हणतील, नोंद नाही तर मरण नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक पाड्यानं आपली वही आणायची. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोरीकडून लिहून घ्या.

जिंदाबाद!