ओहोटीची शाळा

इ. स. १८७३ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांताच्या किनाऱ्याजवळ, पेनिकीज नांवाच्या एका उजाड बेटावर सुमारें ५० विद्यार्थी उतरले. विद्यार्थी म्हणावयाचे एवढेंच. वस्तुतः ते बहुतेक शाळांतून शिकविणारे शिक्षक होते आणि त्यांत स्त्रियाही होत्या. त्यांचे गुरु लुई अगासीझ हे त्या काळचे नामांकित प्राणिशास्त्रज्ञ. न्यूयॉर्कच्या जॉन अँडरसन नांवाच्या व्यापाऱ्यानें हें बेट व ५०,००० डॉलर त्यांच्या स्वाधीन केले होते. पुस्तकें मिटून प्रत्यक्ष जीव पाहावयास लावणें ही अगासीझ यांची पद्धत. त्याच वर्षीं डिसेंबरांत ते निवर्तले, पुढला एक उन्हाळा शाळा कशीबशी चालली आणि बंद पडली. परंतु तेथून परतलेल्या शिक्षकांनीं ती पद्धत आपापल्या वर्गांत नेली, आणि जवळच वुड्स होल येथें १८८८ सालीं उघडलेली सागरी प्रयोगशाळा या बेटाचाच वारसा सांगते.

अशा शिक्षणास खडकाळ समुद्रकिनाऱ्याइतकी सोयीची जागा क्वचितच सांपडेल. डोंगरावर झाडोरा बदललेला पाहावयाचा तर दिवसभर चढावें लागतें. येथें भरतीच्या रेषेपासून ओहोटीच्या रेषेपर्यंत शेंदोनशे पावलें उतरलें कीं पुरे. कोंकणच्या खडकांवर सर्वांत वर, जेथें केवळ लाटांचे तुषार पोंचतात, तेथें वाटाण्याएवढ्या गोगलगाई भेगांत अंग चोरून बसलेल्या असतात. त्यांच्या खालीं बार्नेकल नांवाच्या पांढुरक्या जीवांचा थर. हा प्राणी दिसावयास शिंपल्यासारखा. पण कूळ पाहूं गेल्यास खेकडे व कोळंबी यांचा भाऊबंद, जन्मभर खडकास डोकें चिकटवून पायांनीं अन्न ओढणारा! त्याखालीं कालवें, आणि अगदीं तळाशीं, जेथून पाणी महिन्यांतून मोजकेच दिवस हटतें तेथें, समुद्रफुलें, स्पंज आणि शेवाळ.

हे मोजके दिवस ओळखणें हाच पहिला पाठ. मुंबईकडे उधाणाच्या दिवशीं भरती व ओहोटी यांच्या पातळींत सुमारें ४ ते ५ मीटरांचा फरक पडतो. अष्टमीच्या आसपास, ज्यास दर्यावर्दी लोक भांग म्हणतात, तो पुष्कळ कमी असतो. आपल्या किनाऱ्यावर जुना हिशेब असा कीं, तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ येते. द्वितीयेस दीड वाजतां भरती; म्हणजे त्यापूर्वी सुमारें सहा तास, सकाळीं साडेसातच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. पौर्णिमेस हीच वेळ पहांटे पांचची येते आणि मुलें अंधारांत घसरावयाचीं. म्हणून द्वितीया-तृतीया बरी. हिशेब ठोकळ आहे, बंदराचें छापील कोष्टक त्याहून नेमकें. तरीपण दिनदर्शिका पाहून मुलांनीं तो स्वतः मांडावा. ओहोटीच्या आधीं तासभर जाऊन पाण्यामागोमाग खालीं उतरावें आणि पाणी फिरतांच वर यावें.

मग दोरी व चौकट. भरतीच्या रेषेपासून पाण्यापर्यंत एक दोरी ताणावयाची, ठराविक अंतरावर गांठी मारावयाच्या आणि प्रत्येक गांठीशीं अर्ध्या मीटरची लाकडी चौकट ठेवून आंतील प्राणी मोजावयाचे. काम सोपें दिसतें. पण मुलाचा हात हटकून चौकट सरकवितो, कारण शेजारीं सुरेख तारामासा असतो आणि गांठीपाशीं नुसता उघडा खडक. चौकट गांठीशींच राहिली पाहिजे. तारामासा पाहूं नये असें नव्हे, मनसोक्त पाहावा. पण मोजणींत तो ओढून आणूं नये.

या मोजणीचा उपयोग काय, असें पालक विचारतात. परीक्षेंत तिला गुण नाहींत हें खरेंच. तिच्यापासून शास्त्र कसें उभें राहतें, हें मात्र दाखवितां येतें. जोसेफ कॉनेल या संशोधकानें स्कॉटलंडमधील कंब्री बेटावर बार्नेकलच्या दोन जाती वर्षानुवर्षें मोजल्या. लहान जात वरच राहते, मोठी खालीं. मोठ्या जातीस काढून टाकतांच लहानीचीं पिलें खालच्या पट्ट्यांतही जगूं लागलीं. म्हणजे तिला तेथें पाणी मारीत नव्हतें, शेजारी मारीत होता. उलट मोठीस वरचें ऊन व कोरडेपणा सोसत नाहीं. हें त्यानें १९६१ सालीं प्रसिद्ध केलें. रॉबर्ट पेन हे अध्यापक १९६३ सालीं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मकॉ उपसागरीं गेले आणि तेथील एका खडकावरून तारामासे उपटून समुद्रांत फेंकूं लागले. १९६६ च्या त्यांच्या निबंधाप्रमाणें १५ जातींपैकीं ८ च उरल्या. तारामासा ज्या शिंपल्यांस खातो, त्यांनींच सारी जागा बळकावली होती. खाणारा गेल्यानें जीव वाढावे, असें कोणासही वाटेल. खडकावर उलटें घडलें.

तथापि या अभ्यासानेंच किनाऱ्याचा घात झाल्याचें उदाहरणही आहे. फिलिप हेन्री गॉस यांनीं १८५३ सालीं डेव्हनशायरच्या किनाऱ्यावर एक मनोवेधक पुस्तक लिहिलें. तें वाचून हौशी मंडळी बरण्या घेऊन धांवलीं आणि तेथील सुंदर डबकीं ओरबाडलीं गेलीं. पुढें त्यांच्या मुलानें, एडमंड गॉस यांनीं, १९०७ सालच्या आपल्या पुस्तकांत ही हानि नमूद केली आहे. म्हणून वर्गाबरोबर बरणी नकोच. उलटलेला दगड जसा होता तसा परत ठेवावा. त्याच्या खालचे जीव उन्हांत तासाभरांत सुकून मरतात. बिळांत हात घालूं नये, शंकूच्या आकाराचा जिवंत शंख उचलूं नये. त्याचा दंश विषारी असतो. प्रवाळ व समुद्रघोडे यांस तर कायद्याचेंच संरक्षण आहे. मुंबईंत हाजीअली व वरळी येथील खडकांवरचे प्रवाळ २०२० सालीं किनारी रस्त्याच्या कामापूर्वी हलवावे लागले, तेव्हां शहराच्या दारांत प्रवाळ आहेत ही गोष्ट अनेकांना प्रथमच कळली.

राहिली वही. तींत तिथि, वेळ, गांठीचा क्रमांक आणि मोजणी. प्राण्याचें नांव न आल्यास चित्र काढावें. चौकटींत कालव नसेल तर रकाना मोकळा न ठेवतां शून्य लिहावें. मोकळ्या रकान्यावरून कालवें नव्हतीं कीं तीं पाहिलींच नाहींत, हें पुढल्या वर्षीं त्याच गांठीशीं बसणाऱ्या मुलांस समजत नाहीं.